चिमणराव कुठे राहायचे?

प्रश्न:

ताई, आम्ही बडोद्याचे, चार पिढ्यांपासून दांडिया बाजारात. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. शाळा इंग्रजी, मित्रांशी गुजराती, घरात मराठी. त्याचं मराठी टिकावं म्हणून माझे सासरे रोज रात्री जेवणं झाली की त्याला चि. वि. जोशींच्या चिमणराव-गुंड्याभाऊच्या गोष्टी वाचून दाखवतात. मुलगा इतका रमला की ‘चिमणरावांचं घर दाखवा’ म्हणून आजोबांच्या मागे लागला. लेखक बडोद्यातच राहिलेले, हे त्याला आजोबांनी सांगितलं होतं. एका रविवारी सासऱ्यांनी त्याला स्कूटरवर बसवून नेलं, एका पोळातला जुना वाडा दाखवला आणि म्हणाले, ‘हे बघ, इथे राहायचे चिमणराव.’

मुलानं घरी येऊन मोठ्या कौतुकानं हे बाबांना सांगितलं. माझे मिस्टर इंजिनिअर, सरळ बोलणारे. म्हणाले, ‘अरे, चिमणराव नावाचं कुणी नव्हतंच. सगळं बनवलेलं आहे.’ पोरगा ढसाढसा रडला. आता तो गोष्ट ऐकायला बसत नाही. ‘आजोबा खोटं बोलले’ एवढंच म्हणतो. सासरे दुखावलेत. ‘चिमणराव तुझ्यामाझ्यापेक्षा खरे आहेत’ असं ते मुलाला सुनावतात, म्हणजे माझ्या मिस्टरांना. मिस्टर म्हणतात, ‘जे नाही ते नाही.’ आणि मी दोघांच्या मधे.

पण मलाही आता झोप लागत नाही. चिमणरावांच्या बायकोचं नाव काऊ, हे खरं. कुणी ‘सुशीला’ म्हणालं तर ते चूक. हे माझ्या मिस्टरांनाही मान्य आहे. जो माणूस नाहीच, त्याच्या बायकोच्या नावाबद्दल खरं आणि चूक कसं काय असू शकतं?

आणि परवा मुलानं विचारलं, ‘मग गणपतीबाप्पा?’ मी विषय बदलला. काय सांगू त्याला?

– एक आई, बडोदा

उत्तर:

ताई,

तुमच्या घरात कुणीही वाईट हेतूनं वागलेलं नाही, आणि तरी एका मुलाचा आजोबांवरचा विश्वास हललाय. खरी घाई त्याची आहे. पण तुमचा काऊचा प्रश्न मी आधी घेते, कारण मोठ्यांना स्वतःला न पटलेलं उत्तर मूल पहिल्या वाक्यातच ओळखतं. शिवाय प्रश्न फार सुंदर आहे. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. हाच पेच नेमका मांडता येईपर्यंत चांगल्या चांगल्या विद्यार्थ्यांचं वर्ष जायचं. तुम्ही तो चार ओळींत मांडलात.

तुमच्या मिस्टरांपासून सुरुवात करते. त्यांचं निम्मं म्हणणं बरोबर आहे आणि ते निम्मं कुणी सोडू नये. बर्ट्रंड रसेल हा इंग्रज तत्त्वज्ञ त्यांच्याच बाजूचा. पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून १९१८ साली त्याला तुरुंगात टाकलं. तिथे बसून त्यानं गणिताच्या तत्त्वज्ञानावर एक पुस्तक लिहिलं, ते १९१९ साली निघालं. त्यात तो म्हणतो, कपाळावर शिंग असलेल्या घोड्याला प्राणिशास्त्र जागा देत नसेल तर तर्कशास्त्रानंही देऊ नये. मग तो एक कसोटी सांगतो. नेपोलियनबद्दल लोकांनी जे लिहिलं, वाचलं, मनात आणलं ते सगळं हिशेबात घेतलं तरी खुद्द नेपोलियनला अजून हात लागलेला नसतो. हॅम्लेटच्या बाबतीत मात्र एवढं झालं की हॅम्लेट संपला.

ही कसोटी बडोद्यात लावून बघा. सयाजीराव महाराजांचे सगळे पुतळे, तैलचित्रं, चरित्रं, हुकूमनामे नाहीसे झाले असं समजा. तरीही १८६३ साली जन्मलेला, कवळाण्याहून दत्तक म्हणून इथे आलेला आणि १९३९ साली वारलेला एक माणूस होऊन गेला, ह्यात काहीच बदल होत नाही. आता चिमणरावांच्या गोष्टींच्या सगळ्या प्रती, त्यांच्यावरचे चित्रपट, तुमच्या सासऱ्यांच्या आणि माझ्या आठवणी, हे सगळं नाहीसं झालं असं समजा. मागे कुणी माणूस उरत नाही.

दुसरी एक खूण आहे, ती मला जास्त बोलकी वाटते. महाराजांचा रक्तगट कोणता होता, हे तुम्हाला-मला ठाऊक नाही. पण त्यांना एक कुठला तरी रक्तगट होता, हे नक्की. चिमणरावांचा रक्तगट कोणता? लेखकानं सांगितला नसेल तर त्या प्रश्नाला उत्तरच नाही. कुठेतरी दडलेलं उत्तर आपल्याला सापडत नाही, असं तिथे नसतं. खऱ्या माणसाला आपल्या माहितीपलीकडे अंग असतं. पात्राला शब्दांपलीकडे अंग नसतं. कधी कधी तर शब्दच आपसात भांडतात. शेरलॉक होम्सच्या पहिल्या कादंबरीत डॉक्टर वॉटसनला युद्धात खांद्याला गोळी लागलेली आहे, दुसऱ्या कादंबरीत ती पायाला लागलेली आहे. माणसाच्या बाबतीत आपण त्याच्या अंगावरचा व्रण बघून निकाल लावला असता. वॉटसनला अंगच नाही, म्हणून निकालही नाही.

तेव्हा ‘चिमणराव नावाचा असा माणूस होऊन गेला का?’ ह्याचं उत्तर ‘नाही’. स्वच्छ, काहीही न लपवता ‘नाही’. मुलाला हे कळलं ते चांगलंच झालं.

पण मिस्टर ‘माणूस नाही’ म्हणून थांबत नाहीत. ते पुढे म्हणतात ‘म्हणून काहीच नाही’, आणि इथे त्यांची वाट चुकते. एक जुनी हकीकत त्यांना सांगा, इंजिनिअर माणसाला आवडेल. बुध ग्रहाची कक्षा गणितात बसत नव्हती. उर्बेन ल व्हेरिए ह्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं १८५९ साली मांडलं की बुध आणि सूर्य ह्यांच्या मधे आणखी एक ग्रह असणार. त्याचं नावही ठरलं, व्हल्कन. ह्याच शास्त्रज्ञाच्या गणितावरून १८४६ साली नेपच्यून सापडला होता, त्यामुळे लोकांनी विश्वास ठेवून पुढची कित्येक वर्षं दुर्बिणी लावल्या. १९१५ साली आइनस्टाइननं नव्या सिद्धान्तानं बुधाच्या कक्षेचा हिशेब जुळवून दिला आणि व्हल्कनची गरजच संपली. असा ग्रह नव्हताच.

व्हल्कन नाही आणि चिमणराव नाहीत, ही दोन्ही वाक्यं कानाला सारखी लागतात. पण ल व्हेरिए ग्रह शोधायला निघाला होता आणि त्याच्या हाती काही लागलं नाही. चि. वि. जोशी कुणाला शोधायला निघाले नव्हते. ते घडवायला बसले होते, आणि त्यांनी घडवलं. व्हल्कनच्या बाबतीत काम फसलं, चिमणरावांच्या बाबतीत ते उत्तम जमलं. दोन्हींवर ‘काहीच नाही’ असा एकच शिक्का मारणं म्हणजे लेखकाच्या कष्टांचं फळ नाकारणं झालं.

आता काऊ. ‘चिमणरावांच्या बायकोचं नाव काऊ’ हे वाक्य आपण उच्चारतो तेव्हा त्याच्यामागे ‘गोष्टीत’ हे न बोललेलं असतं. गोष्टीत त्यांच्या बायकोचं नाव काऊ आहे, गोष्टीत मोरू-मैना-राघू ही त्यांची मुलं आहेत, गोष्टीत गुंड्याभाऊच्या हातात सोटा आहे. हे खरं-खोटं पुस्तक उघडून तपासता येतं, त्यासाठी बाहेर जिवंत काऊ लागत नाही. डेव्हिड लुईस ह्या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९७८ साली ह्याच धाग्यावर एक निबंध लिहिला, तो अजून वर्गावर्गांत शिकवला जातो. इथवर तुमचे मिस्टरही बिनतक्रार येतील.

पण आणखी काही वाक्यं घ्या. चिमणराव हे पात्र चि. विं.नी घडवलं. १९४०च्या सुमारास मास्टर विनायकांच्या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग ह्यांनी चिमणराव-गुंड्याभाऊची जोडी पडद्यावर आणली. पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे ह्यांनी तीच जोडी घराघरांत पोचवली. ही वाक्यं खरी आहेत, आणि ह्यांना ‘गोष्टीत’ जोडून चालत नाही. गोष्टीत चिमणरावांना कुणी घडवलेलं नाही, ते तिथे चारचौघांसारखे आईच्या पोटी जन्मलेत. ‘तीच जोडी’ असं मी आत्ता म्हटलं आणि तुम्हाला ते खटकलंही नाही. दोन वेगळे चेहरे, दोन आवाज, मधे जवळजवळ चाळीस वर्षं, आणि तरी पात्र एकच. मग ते एक जे आहे ते काय?

ह्याचं मला पटलेलं उत्तर असं: पात्र ही घडवलेली वस्तू आहे. सॉल क्रिपकी ह्या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९७३ साली ऑक्सफर्डला दिलेल्या व्याख्यानांत हा विचार मांडला, पीटर व्हॅन इनवॅगननं १९७७ साली वेगळ्या वाटेनं मांडला, आणि एमी थॉमसन ह्या अमेरिकन विदुषीनं १९९९ साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. माझं मन तिच्या बाजूचं आहे. पात्राला हात लावता येत नाही, पण त्याला जन्म आहे, कर्ता आहे, आणि ते मरूही शकतं.

हे बडोद्यात समजणं सोपं आहे. फैयाज खाँसाहेब इथल्या दरबारचे गवई, ‘प्रेमपिया’ ह्या नावानं त्यांनी बंदिशी रचल्या आणि १९५० साली ते गेले. त्यांची एखादी बंदिश आज कुठे आहे? वहीत म्हणावं, तर वही जळली तरी ती गाणारे गातात. गळ्यात म्हणावं, तर गाणारा झोपला म्हणून ती नाहीशी होत नाही. खाँसाहेबांनी रचण्याआधी ती नव्हती. तिची शेवटची नोंद पुसली गेली आणि ती येणारा शेवटचा माणूस गेला, तर ती पुन्हा नसेल. मधल्या काळात ती आहे. ‘बंदिश वगैरे काही नसतं’ असं कुणी म्हणालं तर तुमचे मिस्टरसुद्धा हसतील. मग चिमणरावांना तेवढीच जागा द्यायला हरकत काय?

फरक एवढाच की बंदिश जशी आहे तशी सरळ दिसते, आणि पात्राला आपण माणसाचे गुण चिकटवून बोलतो. म्हणून घोटाळा होतो. घडवलेल्या त्या वस्तूला बायको नसते, भूक लागत नसते. हे सगळं तिच्याविषयी गोष्टीत सांगितलेलं असतं, एवढंच. गोष्टीतलं आणि गोष्टीबाहेरचं वेगळं ठेवलं की तुमची झोप उडवणारा प्रश्न सुटतो.

आपल्याकडे ह्यावर फार आधी डोकं चालवलेलं आहे, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. सशाचं शिंग, वांझेचा मुलगा, आकाशातलं फूल, ही नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांच्या, आणि बौद्धांच्या वादातली ठरलेली उदाहरणं. जे नाही त्याच्याबद्दल बोलता येतं का, खरं-खोटं करता येतं का, ह्यावर उदयनाचार्यांनी आणि ज्ञानश्रीमित्र ह्या बौद्ध पंडितानं हजारएक वर्षांपूर्वी मोठा काथ्याकूट केला. नैयायिकांचा एक विचार मला मुलासाठी उपयोगाचा वाटतो. ते म्हणत, ससा खरा, शिंगही खरं, नाही तो फक्त दोघांचा संबंध. चिमणरावही तसेच. मध्यमवर्गीय घरातली ओढाताण खरी, पाहुण्यांची धास्ती खरी, धाकात ठेवणारा दांडगा भाऊ कुणाच्या तरी घरी खरा. हे सगळं चि. विं.नी आसपास बघितलं आणि एका नावाखाली गुंफलं. ती गुंफण तेवढी त्यांची. आणि गंमत बघा, हा विनोदी लेखक पोटापाण्यासाठी बडोद्यात पाली भाषा शिकवत होता आणि पुढे संस्थानचं दप्तर सांभाळत होता. दिवसभर खऱ्या कागदपत्रांत बसणाऱ्या माणसानं आपल्याला हा न झालेला माणूस दिला.

आता तुमचे सासरे. ‘तुझ्यामाझ्यापेक्षा खरे’ हे त्यांचं वाक्य मला शब्दशः मान्य नाही. अलेक्सियस माइनाँग ह्या ऑस्ट्रियन तत्त्वज्ञानं १९०४ साली असं काहीसं मांडलं होतं की सोन्याचा डोंगर अस्तित्वात नसला तरी तो सोन्याचा आहे, आणि नसलेल्या वस्तूंनाही आपापलं रूप असतंच. एवढी मोठी आणि गर्दीची दुनिया मानायची मला गरज वाटत नाही. पण त्यांच्या बोलण्यामागची भावना मी समजू शकते. ज्यांनी लहानपणापासून हे पात्र जवळ बाळगलंय, त्यांना ‘कुणी नव्हतंच’ हे शब्द आपल्या माणसाच्या अपमानासारखे लागतात. त्यात मुलाच्या तोंडून, आणि नातवासमोर. हे तुमच्या मिस्टरांनी एकदा लक्षात घ्यावं.

आणि जे नाही त्याच्यावर जीव जडणं ह्यात खुळेपणा नाही. शंकुक नावाच्या जुन्या नाट्यमीमांसकानं ह्यासाठी चित्रातल्या घोड्याचं उदाहरण दिलंय. चित्र बघून मूल ‘घोडा!’ म्हणतं. त्याला हा खरा घोडा आहे असं वाटत नसतं, आपण फसलो असंही वाटत नसतं, घोडा आहे की नाही असा संशयही नसतो, आणि ‘हे घोड्यासारखं काहीतरी आहे’ अशी तुलनाही ते करत नसतं. रंगमंचावरच्या नटाला राम म्हणून बघणं ह्या चारही प्रकारांहून वेगळं, असं शंकुक म्हणतो. त्याचा ग्रंथ हरवला. त्याचं मत अभिनवगुप्त ह्या काश्मिरी आचार्यानं खोडण्यासाठी नोंदवलं म्हणून आपल्याला कळतं. अभिनवगुप्ताची ती नाट्यशास्त्रावरची टीका पहिल्यांदा छापली गेली ती १९२६ पासून, तुमच्याच गावात, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत. अभिनवगुप्ताला शंकुक पुरेसा वाटला नाही, आणि रसाच्या बाबतीत त्याचं बरोबरही असेल. पण बघण्याची ही पाचवी तऱ्हा शंकुकानं अचूक पकडली, आणि तुमचा मुलगा रोज रात्री त्याच तऱ्हेनं चिमणरावांना बघत होता.

म्हणून गोष्ट वाचून दाखवताना आजोबा एकदाही खोटं बोललेले नाहीत. गोष्ट सांगणारा ‘असं घडलं’ अशी ग्वाही देत नसतो, आणि ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. आठ वर्षांच्या मुलाला तर चांगलंच ठाऊक असतं. उशीची ढाल करून लढणारी मुलं उशीला उशी म्हणूनच ओळखतात.

वाड्याचं मात्र वेगळं झालं, आणि इथे मला तुमच्या सासऱ्यांना दोन शब्द सांगायचे आहेत. लंडनमध्ये बेकर स्ट्रीटवर होम्सचा जो पत्ता कथांमध्ये दिलाय, तो कथा लिहिल्या तेव्हा त्या रस्त्यावर नव्हताच. पुढे घरांचे क्रमांक वाढले, आणि १९३२ पासून तिथे असलेल्या एका कर्जसंस्थेकडे होम्सच्या नावानं पत्रं येऊ लागली. संस्थेनं उत्तरं द्यायला खास माणूस नेमला. लिहिणारे बहुतेक खेळात सामील होते, उत्तर देणारेही. खेळ दोघांचा होता म्हणून कुणी फसलं नाही. तुमच्या घरी आजोबा खेळत होते आणि नातू खरंच विचारत होता. ‘घर दाखवा’ म्हणताना त्याचा एक पाय गोष्टीबाहेर पडला होता. त्या क्षणी मोठ्या माणसानंही खेळातून बाहेर यायला हवं होतं. मूल जिथे उभं राहून विचारतं, तिथे उभं राहून उत्तर द्यायचं. गोष्टीत राहून विचारलं, ‘गुंड्याभाऊ आता काय करतील?’, तर गोष्टीतलं उत्तर. बाहेर येऊन विचारलं, ‘खरंच होते का?’, तर बाहेरचं उत्तर, आणि ते खरं. सासऱ्यांनी प्रेमापोटी केलं ह्यात मला शंका नाही, पण मुलगा बाबांसमोर तोंडघशी पडला, आणि बरंचसं रडू त्याचं आहे असं मला वाटतं.

तर आता काय करायचं. मुलाशी आधी सासऱ्यांनीच बोलावं. तुम्ही किंवा मिस्टरांनी त्यांच्या वतीनं समजूत घालू नये. त्यांनी साध्या शब्दांत सांगावं: ‘त्या वाड्यात चिमणराव राहत नव्हते. चिमणराव हे चि. वि. जोशींनी तयार केलेलं पात्र आहे. तू खरंच विचारत होतास आणि मी गोष्टीतलं उत्तर दिलं, ते चुकलं माझं.’ ‘गंमत केली’ असं म्हणून ते उडवून लावू नये. मुलांना गंमत कळते. आपल्या प्रश्नाची कुणी गंमत केली, हेही कळतं. आणि ‘चुकलं माझं’ हे आजोबांच्या तोंडून ऐकलेलं मूल पुढची कितीतरी वर्षं आजोबांचं बोलणं प्रमाण मानतं.

मग त्याला खरंच काहीतरी बघायला न्या, कारण त्याला जागा बघायची होती आणि ती हौस अपुरी राहिलीय. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात घेऊन जा. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन ह्या ग्रंथपालाला बोलावून इथल्या वाचनालयांची घडी बसवली, त्याच व्यवस्थेतलं हे मुख्य ग्रंथालय. पोलादी मांडण्या आणि काचेची जमीन बघूनच मुलगा खूष होईल. मराठी विभागात चि. विं.चं एखादं पुस्तक त्याला स्वतःला शोधू द्या. सापडलं की बाहेरच्या पानावर त्याचं बोट ठेवा: चिंतामण विनायक जोशी, जन्म १८९२, मृत्यू १९६३, हा माणूस खरा होता, ह्याच शहराच्या रस्त्यांवरून चालायचा. मग आतल्या पानावरच्या ‘चिमणराव’ ह्या नावावर बोट ठेवा: हे त्यानं घडवलं. बाहेरचं नाव आणि आतलं नाव, दोन्हींवर एकाच मुलाचं बोट. मी वर जे सगळं लांबण लावलं, ते एवढ्यात त्याच्या लक्षात येईल.

ह्या फेरीला मिस्टरांनी जावं, अशी माझी फार इच्छा आहे. बातमी त्यांनी दिली, तर पुढचं दाखवायलाही तेच असावेत. येताना त्यांनी रक्तगटाचा प्रश्न मुलाला विचारावा. ह्या वयाची मुलं अशा प्रश्नांवर तासभर बोलतात, आणि बाप-लेकाला बोलायला एक विषय मिळेल.

तो पुन्हा ऐकायला बसेल का? घाई करू नका. त्याला हवं तर त्यानंच चिमणरावांचा एक नवा घोटाळा रचून आजोबांना सांगावा. रचताना त्याला आपोआप उमगेल की ‘असं होणार नाही, चिमणराव असं करणार नाहीत’ असं एक बंधन असतं, आणि ते बंधन कुणा खऱ्या माणसामुळे नाही, तर आधी घडवलेल्या पात्रामुळे आहे. माझ्या मते पात्र असतं म्हणजे काय, हे समजण्याचा ह्याहून चांगला मार्ग नाही. मोठ्यांसाठीही.

राहिला गणपतीबाप्पा. तुम्ही घाबरलात ते मी समजू शकते, पण विषय बदलत राहू नका, नाहीतर चिमणरावांचं उत्तर तो आपणहून तिकडे लावेल. आणि ते तिथे लागू होत नाही. चि. वि. जोशींनी कधीही ‘हे घडलं, विश्वास ठेवा’ असं म्हटलं नाही. पुस्तकावर लेखक म्हणून नाव घातलं आणि वाचणाऱ्याला सगळं उघड सांगून टाकलं. देवाबद्दल बोलणारे भक्त असं सांगत नाहीत. ते मनापासून ‘आहे’ म्हणतात, आणि न मानणारे मनापासून ‘नाही’ म्हणतात. तो मतभेद खरा आहे, हजारो वर्षांचा आहे, आणि ‘चिमणराव घडवलेले आहेत’ ह्या एका गोष्टीनं तो कुठल्याच बाजूला सुटत नाही. मुलाला इतकंच सांगा की तो प्रश्न वेगळा आहे आणि मोठा आहे. मग तुम्ही स्वतः काय मानता ते सांगा. मानत असाल तर ‘मी मानते’ म्हणा आणि का ते सांगा. तुमच्या मनात शंका असेल तर तीही सांगा. खात्री नसताना खात्री दाखवू नका, त्याच्या मनाला आत्ताच एकदा लागलंय. बाबांचं मत वेगळं असेल तर ‘बाबांनाही विचार’ म्हणा, आणि तो विचारायला जाईल तेव्हा ‘जे नाही ते नाही’ एवढ्यावर त्याची बोळवण करू नये, हे मिस्टरांना आधी सांगून ठेवा.